टेप चालू असताना

माझ्या मामाच्या आयुष्यात तीन गोष्टी पहिल्या नंबरावर होत्या आणि मामी चौथ्या. हे माझं म्हणणं नाही, मामीच म्हणायची, आणि हसत म्हणायची, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींच्या पोटात जो काळोखा, चौकोनी बोगदा असतो, त्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. अंगाला ग्रीसचा वास, खिशात पाना आणि बॅटरी, आणि कमरेला चामड्याच्या पिशवीत एक छोटा टेपरेकॉर्डर. बोगद्याच्या तळाशी उतरला की तो आपल्या लाडक्या रॉक बँडचं गाणं लावायचा. ते चौघे असं काही बडवायचे की सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या दार उघडून बाहेर यायच्या. "लिफ्टमध्ये कोणी मेलंय का?" असं त्यांनी वरून विचारलं की मामा खालून ओरडायचा, "अजून नाही!"

त्या बँडच्या एका कॅसेटमधल्या शेवटच्या गाण्यावर त्याचा फार जीव. गाणं संपतं, गिटारचा सूर विरत विरत जातो, आणि मग खूप लांबून ड्रमवाला खोकतो. खोकतो आणि स्टूल सरकवतो. बस्स, एवढंच. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला मामा तो खोकला ऐकवायचा. "बघ, काढून टाकला असता तर कोणाला कळलं असतं? पण ठेवला त्यांनी. तिथे कोणी माणूस बसलंय, हे कळायला नको?" मामाचं हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं होतं. पुढे ते माझ्या कामाला आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक सिनेमा. एका गुहेत उतरलेल्या माणसांचा. गुहेचं छत इतकं कच्चं, की मोठ्याने बोललं तरी कोसळेल. म्हणून सिनेमाभर ती माणसं खुणांनी बोलतात. सगळ्यात पुढचा माणूस दगडावर दोनदा टकटक करतो. त्याचा अर्थ, "गप्प. छत ऐकतंय." हा सिनेमा थिएटरला लागला की मामा कामावरून परस्पर तिकडे जायचा, आणि नंतरचे काही दिवस घरातल्या छताकडे संशयाने बघत जेवायचा.

आणि या दोन्हींच्या वर, टीव्हीवरची मालिका. बर्फात अडकलेलं एक जहाज, त्याचा कप्तान, आणि दर रविवारी संध्याकाळी त्यांच्यापुढे वाढून ठेवलेलं नवीन संकट. या मालिकेवरून मामाला कामावरही सगळे कप्तान म्हणायचे. तेव्हा चित्र टिपून ठेवायची सोय आमच्या घराच्या आसपासही फिरकलेली नव्हती. मग मामा टीव्हीच्या स्पीकरपुढे स्टूल ठेवायचा, स्टुलावर टेपरेकॉर्डर, आणि नुसता आवाज टेप करायचा. पुढचा आठवडाभर लिफ्टच्या बोगद्यात, अंधारात बसून तो ते ऐकायचा. म्हणायचा, "चित्र काय, डोक्यात राहतं. निसटतो तो आवाज."

आता मायक्रोफोनला काय कळणार, कुठला आवाज कप्तानाचा आणि कुठला आमच्या घरातला? त्यामुळे मालिका सुरू झाली की घर गुहा व्हायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. सिनेमातून उचलून मामाने घरासाठी खुणा ठरवल्या होत्या. कान ओढला म्हणजे दारात कोणीतरी आहे. पोटावर हात म्हणजे भूक. अंगठा वर केला म्हणजे चहा, आणि मग जितकी बोटं तितके कप. आम्ही भावंडं सुट्टीत तिकडे असलो की जमिनीवर रांगेत बसायचो. मामी बांगड्या काढून नॅपकिनमध्ये गुंडाळायची, फळीवर ठेवायची आणि तिच्या वेताच्या खुर्चीत बसायची. आमच्यापैकी कोणी कुजबुजलं की ती नखाने खुर्चीच्या लाकडी हातावर वाजवायची. टक्-टक्. त्या घरात तेवढ्या एकाच आवाजाला परवानगी होती.

ही मामी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती, हे सांगितल्याशिवाय यातली गंमत कळायची नाही. दिवसभर कानाला यंत्र आणि तोंडाला यंत्र. शहरातल्या प्रत्येक घरात तिचा आवाज जाऊन आलेला होता. घरी आली तरी तोंडाचा पट्टा सुरूच. भाजी निवडताना बोलायची, झोपेत बोलायची, आणि ऐकायला कोणी नसलं तर कपाटाशी बोलायची. मी एकदा विचारलं होतं, "मामी, रविवारी तुला राग नाही येत?"

"अगं, दिवसभर साऱ्या जगाची लाइन जोडून देते मी," ती म्हणाली. "एक तास कोणी माझी तोडली तर काय बिघडलं?"

बिघडलं ते मालिकेच्या शेवटच्या भागात. मागे राहिलेल्या एका खलाशाला आणायला कप्तान एकटाच परत निघतो. दार लोटतो आणि बर्फात चालू लागतो. पडदा पांढराफटक होतो आणि मग कितीतरी वेळ नुसता वारा. संगीत नाही, संवाद नाही, फक्त वारा. कप्तान पोचला की नाही हे शेवटपर्यंत दाखवतच नाहीत. मामा वर्षभर ज्या क्षणासाठी जीव मुठीत धरून बसला होता तो हाच. आणि त्या वाऱ्यात मामी बोलली.

एकच वाक्य. न राहवून तोंडातून निघून गेलं असणार. मी तिथेच होते, पण मी कप्तानासाठी रडत होते, त्यामुळे ती काय म्हणाली ते माझ्या कानांनी घेतलंच नाही. मामाचा अवतार मात्र चांगला आठवतो. भाग संपेपर्यंत तो खांबासारखा बसून राहिला आणि नंतर त्याने आकाशपाताळ एक केलं. मग कॅसेट उघडली, दाढीचं ब्लेड घेतलं आणि मामीचं वाक्य असलेला हातभर तुकडा कापून काढला. उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडली. वारा पुन्हा अखंड झाला.

तो तुकडा मामीने केराच्या टोपलीतून उचलला आणि गॅलरीच्या गजाला बांधला. कॅसेटची पट्टी चमकते आणि वाऱ्यावर गुणगुणते, तिला कबुतरं घाबरतात. "निदान कबुतरं तरी माझं ऐकतील," ती म्हणाली. यावर मामासुद्धा हसला, आणि भांडण मिटलं. पट्टी मात्र तिथेच राहिली. वारा सुटला की गॅलरीतून बारीक घुंऽऽ असा सूर यायचा, आणि आम्ही म्हणायचो, मामी बोलतेय.

मामी गेली ती धड आजारीही न पडता. दुपारी ड्यूटीवरून आली, चपला काढल्या, वेताच्या खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. मामा तेव्हा कुठल्याशा इमारतीच्या बोगद्यात कानात तेच कप्तानाचं वारं घालून बसला होता. त्याला निरोप पोचायला संध्याकाळ झाली.

नंतर बऱ्याच महिन्यांनी तो आमच्या घरी आला. तोवर तो कामावरून निवृत्तही झाला होता. आईने, म्हणजे त्याच्या बहिणीने, चहा पुढे केला, तर कपाला हात न लावता म्हणाला, "ताई, तुमच्याकडे तिचा आवाज आहे का गं?"

आईला आधी कळेचना. मग कळलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वेळचे फोन नुसते बोलायचे, साठवायचे नाहीत. लग्नाचे फोटो होते, त्यात सगळे तोंड मिटून उभे. मामी गेल्यानंतर एक्स्चेंजची इमारतही बंद पडली होती. साऱ्या शहरात फिरून आलेला आवाज कुठेच उरला नव्हता. आणि ज्याच्या पलंगाखाली खोकी भरून आवाज पडले होते, त्याच्याकडेही तिचा एक शब्द नव्हता. कारण तसा त्याचाच नियम होता.

तेव्हापासून मामा ती खोकी उपसत बसला. आई मला दर शनिवारी डबा घेऊन पाठवायची. मी शाळेत गणित शिकवते. भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही, आणि मामाशी आताशा जमेनासं झालं होतं. पडदे ओढलेले, टीव्ही बंद, कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, असा तो बसलेला असायचा. मी आत आले की बोलायच्या आधी हात वर करायचा. थांब.

एकदा त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. "कप्तानाकडे लक्ष देऊ नको. त्याच्या खाली ऐक. त्याच्या मागे."

मी ऐकलं. कप्तान खलाशांना धीर देत होता. त्याच्या आवाजाच्या मागे, दूर, वेत करकरलं. कोणीतरी कप खाली ठेवला, फार जपून. कोणीतरी श्वास सोडला. आणि मग नख, टक्-टक्. ते आमच्यासाठी होतं. मीच बोलले असणार तेव्हा, कुणाशीतरी कुजबुजले असणार.

"सगळ्या टेपांत आहे ती," मामा म्हणाला. "गप्प बसलेली आहे, पण आहे. आता हा कप्तान मध्येमध्ये बोलतो, त्याचाच त्रास होतो."

गॅलरीतली पट्टीही त्याने सोडून आणली होती. उन्हाने फिकी पडून ती चुरगळली होती, बोटांना तपकिरी भुकटी लागत होती. ती पट्टी त्याने इस्त्री केल्यासारखी सपाट केली आणि जिथून कापली होती तिथेच, त्या शेवटच्या भागात पुन्हा जोडली. माझ्यासमोर लावली. वारा सुरू झाला. मग जोडाचा बारीक ठोका, आणि वाऱ्याची जागा एका वेगळ्याच खरखरीने घेतली. ती टीव्हीतून आल्यासारखी वाटत नव्हती. कुठून तरी खोलातून, लिफ्टच्या बोगद्याच्या तळातून आल्यासारखी. शब्द नव्हता. पुन्हा ठोका, पुन्हा वारा.

"काय म्हणाली होती गं ती?"

"मला नाही आठवत, मामा."

"मलाही नाही," तो म्हणाला. "मी काय काय बोललो ते सगळं आठवतंय. शब्द न् शब्द. तिचंच तेवढं नाही."

माझा संताप झाला. मी म्हटलं, "कुठल्या कोण ड्रमवाल्याचा खोकला जपून ठेवायचा, माणूस बसलंय हे कळायला हवं म्हणायचं, आणि घरातल्या माणसाचं वाक्य ब्लेडने कापायचं?" मामाने मान खाली घातली. मला वाईट वाटलं नाही. खरं तेच होतं.

त्यानंतर काही दिवसांनी जुन्या कार्यक्रमांच्या एका चॅनेलवर ती मालिका पुन्हा सुरू झाली. रविवारी दुपारी. मामाने कुठल्या तरी जुनाट दुकानातून कोऱ्या कॅसेटी पैदा केल्या, स्टूल काढलं, टेपरेकॉर्डर पुसला आणि पुन्हा टेप करायला लागला. जे भाग पलंगाखाली पडलेले आहेत तेच पुन्हा कशाला, असं आईने विचारलं तर गुळमुळीत काहीतरी बोलला. मग एका रविवारी त्याचा मला फोन आला.

"खुर्ची वाजते गं."

"कुठे वाजते?"

"नव्या टेपमध्ये. मी एकटाच होतो घरात. मला ऐकू नाही आली, टेपला ऐकू आली."

आईने त्याच दिवशी ठरवलं, भावाला आता एकटं ठेवायचं नाही. आमच्याकडची एक खोली त्याच्यासाठी आवरली, चादर बदलली. मामा आढेवेढे न घेता तयार झाला, पण एका अटीवर: शेवटचा भाग होऊ दे. त्या वाऱ्यात ती एकदा बोलली होती, तिथेच पुन्हा बोलेल, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. बोलली नाही तर तो नाद सोडणार होता आणि त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर निघणार होता. त्याची बॅग मी स्वतः भरली.

त्या रविवारी बाहेर लख्ख ऊन होतं आणि खोलीत संध्याकाळ. सगळं मांडून तयार. टीव्ही, स्टूल, स्टुलावर टेपरेकॉर्डर. वेताची खुर्ची तिच्या जागेवर. आणि फळीवर नॅपकिनची पुरचुंडी.

"हे काय? तिच्या बांगड्या?"

"टेप करताना काढायच्या असतात," मामा म्हणाला. जसं काही मलाच माहीत नाही.

कॅसेटचं वेष्टन त्याने माझ्यासमोर दातांनी फाडलं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी स्वतःशी बरेच वाद घातले. कॅसेट नवी होती, कोरी होती, तिच्यात आधीचं काही असणं शक्य नव्हतं. मी जमिनीवर बसले. या वयात गुडघे कुरकुरतात, समोर रिकामी खुर्ची होती, तरी जमिनीवरच बसले. मामाने लाल बटण दाबलं.

भाग मला पाठ होता. कप्तानाने टोपी घातली, दार लोटलं, पडदा पांढरा झाला. खोलीभर तो पांढरा उजेड पसरला, खुर्चीच्या वेतावर, फळीवर, मामाच्या तोंडावर. वारा सुरू झाला. आणि मामा उठून उभा राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःचा नियम मोडला.

"बोल आता," तो मोठ्याने म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "मी नाही चिडणार. जे म्हणायचं होतं ते बोल. कापणार नाही मी. बोल गं."

मी दचकून खुर्चीकडे बघत राहिले. खरं सांगते, मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त असं वाटलं की आता काहीतरी व्हावं. काही झालं नाही. वारा वाहत राहिला. खुर्ची करकरली नाही, पडदा हलला नाही, कुठेही कसलाही आवाज झाला नाही. मी कानांत प्राण आणून ऐकत होते, म्हणून खात्रीने सांगते. वारा थांबला, मालिकेचं संगीत सुरू झालं, नावं वर सरकू लागली. मामाने टीव्ही बंद केला. त्याचे खांदे पडले होते. मी बॅगेकडे बघितलं.

"ऐकून घेऊ," तो म्हणाला. "मग निघू."

टेप मागे घेतली, लावली. दार लोटल्याचा आवाज. वारा. मग मामा, टेपमध्ये आणखी म्हातारा वाटणारा: बोल आता. मी नाही चिडणार. कापणार नाही मी. बोल गं. पुन्हा वारा.

आणि वाऱ्याच्या अलीकडे, आमच्या खोलीत, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ: टक्-टक्.

मामाने मागे घेऊन पुन्हा लावली. बोल गं. वारा. टक्-टक्.

मी गणिताची मास्तरीण आहे, उत्तर मिळाल्याशिवाय सोडत नाही. खिडकी बघितली, बंद होती. स्टूल हलवून बघितलं, घट्ट होतं. शेजारचा नळ, वरच्या मजल्यावरचं पाऊल, टेपरेकॉर्डरचं जुनं चाक, सगळं मनात धरून बघितलं. मग शेवटी उठले आणि वेताच्या खुर्चीच्या लाकडी हातावर नखाने दोनदा वाजवलं. तोच आवाज. तस्साच. मी हात पटकन मागे घेतला.

मामा माझ्याकडे बघत होता. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. मग तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. ज्या बाईला जन्मभर गप्प बसवलं, तिला बोल म्हटल्यावर ती काय करणार? टेप चालू होती ना. नियम म्हणजे नियम. तिने त्यालाच गप्प केलं होतं.

त्याने टेप पुढे नेली, जिथे ती कोरी होती तिथे आणली, आणि अलगद लाल बटण दाबलं. टीव्ही बंद होता. टेप करायला खोलीत काहीच नव्हतं. मी विचारायला गेले, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघून अंगठा वर केला, आणि तीन बोटं.

आईला काय सांगायचं, बॅगेचं काय करायचं, यातलं काही मी विचारलं नाही. पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. एक कप मामाच्या हातात दिला, एक माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. तिसरा मी खुर्चीच्या हातावर टेकवला, फार जपून, आवाज होऊ न देता.